पंगासच्या खाद्यात फिशमीलची सक्ती कशासाठी? आपल्या संस्थेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सगळे संचालक,
आपली मत्स्यशेती सहकारी संस्था

साहेब, नमस्कार.

या हंगामाच्या खाद्यखरेदीच्या अटींची पीडीएफ तुम्ही ग्रुपवर टाकलीत. त्यातली चौथी अट अशी आहे की मोठ्या पंगासच्या (तळ्यात वाढवतात तो गोड्या पाण्यातला मासा) तरंगत्या खाद्यात फिशमील, म्हणजे मासळीची पावडर, किमान २० टक्के असलंच पाहिजे, आणि सोया किंवा इतर कडधान्यांच्या पेंडीवर बनवलेल्या खाद्याचं कोटेशन उघडलंसुद्धा जाणार नाही. मी खाली साधा प्रश्न टाकला की हे कशावरून ठरवलं. त्यावर उत्तर आलं, "ताई, मासा काय वारीला निघालाय का, माळ घालताय त्याला?" मागून हसण्याच्या इमोजींची रांग लागली आणि थोड्या वेळाने बघते तर ग्रुपचं सेटिंग बदललेलं, आता फक्त ॲडमिन लिहिणार. जोक चांगला होता, मीपण हसले, पण प्रश्न होता तिथेच राहिला ना. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. सभासदांनी वाचावं, सभासद नसलेल्यांनीही वाचावं, कारण हा विषय आपल्या चार तळ्यांपुरता नाहीये.

मी कोण ते तुम्हाला माहितीये, बाकीच्यांसाठी सांगते. माहेर माझं बेलापूरचं दिवाळे गाव, कोळ्याची मुलगी. सासर ऐरोलीकडचं, आगरी, जमीन सिडकोत गेली आणि हातात जे आलं त्यातून सासऱ्यांनी शहापूर तालुक्यात जागा घेतली, तिथे आज आमची पंगासची तळी आहेत. तळ्यावर नवरा आणि दीर असतात, खाद्याचा हिशोब, वजनाच्या नोंदी, कुठल्या लॉटची गोणी कुठल्या तळ्यात गेली हे सगळं माझ्या वहीत. आणि भाऊ माझा ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून मासळीचा टेम्पो मारतो. म्हणजे समुद्रातला मासा आणि तळ्यातला मासा, दोन्हींवर आमची घरं चालतात, त्यामुळे एकाचा जीव घेऊन दुसरा पोसायचा असं कोणी लेखी अटीत घातलं की मला गप्प बसवत नाही.

आता मुद्द्यावर येते. मत्स्यशेतीत खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा खाद्याचा, चालू खर्चाचे ६० ते ७० टक्के, हे तुम्हीच आपल्या प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दाखवलं होतंत. आणि खाद्यातला सगळ्यात महागडा माल कुठला, तर फिशमील, सोया डीओसीच्या, म्हणजे तेल काढून उरलेल्या सोया पेंडीच्या, दुपटीहून जास्त भाव त्याचा. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त पैसा जातो तिथेच तुम्ही सभासदांचे हात बांधलेत, आणि का बांधलेत ते सांगायलाही तयार नाही.

तुमचं म्हणणं मला एका संचालकांकडून तोंडी कळलं ते असं, की मासा आहे म्हणजे त्याला मासाच लागणार. साहेब, माशाला फिशमील लागत नाही, प्रोटीन लागतं, आणि खरं तर प्रोटीनसुद्धा नाही, त्यातले अमिनो ॲसिड लागतात, लायसिन, मेथिओनिन वगैरे, ते ठरलेल्या प्रमाणात आणि पचेल अशा रूपात मिळाले की ते कुठून आले हे त्याच्या पोटाला विचारायचं कारण नाही. त्यातून पंगास हा काही सुरमई नव्हे की दुसरे मासे मारूनच जगेल. मूळचा तो मेकाँग नदीच्या खोऱ्यातला, तिथे पाण्यात पडलेली फळं, बिया, शेवाळ, शिंपले जे मिळेल ते खातो. आपल्या तळ्यावर तर भाताचा कोंडा टाकला तरी तुटून पडतो, हे काय मी तुम्हाला सांगायचं.

आणि हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. अमेरिकेत मिसिसिपी, अलाबामा भागात चॅनल कॅटफिशची मोठी तळी आहेत, तिथे वाढीच्या माशाला २८ ते ३२ टक्के प्रोटीनचं खाद्य देतात आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा सोयाबीन पेंडीचा असतो, फिशमील नावाला किंवा अजिबात नाही, आणि हे आजकालचं नाही, कित्येक वर्षांपासून चालू आहे. व्हिएतनाममध्ये, जिथला पंगास बासा म्हणून आपल्या हॉटेलात येतो आणि आपण तीनशे रुपयांची फिश अँड चिप्स म्हणून खातो, तिथेही मोठ्या माशाच्या खाद्याचा मुख्य आधार सोया पेंडच आहे. ज्यांच्याशी आपली भावात स्पर्धा ते सोयावर मासा वाढवतात आणि आपण मात्र कोटेशनच उघडणार नाही, याला काय म्हणायचं?

आता समुद्राचं गणित मांडते, तुम्ही खोडून दाखवा. एक किलो फिशमील बनवायला साधारण चार ते पाच किलो ओली मासळी लागते. तुमच्या अटीप्रमाणे खाद्यात २० टक्के फिशमील धरा आणि एफसीआर दीड धरा, म्हणजे एक टन पंगास काढायला दीड टन खाद्य, त्यात ३०० किलो फिशमील, आणि त्यासाठी समुद्रातून काढलेली मासळी बाराशे ते पंधराशे किलो. म्हणजे एक टन मासा पिकवायला आपण एक टनापेक्षा जास्त मासा संपवतो, आणि वर फ्लेक्सवर लिहितो की मत्स्यशेतीमुळे समुद्रावरचा ताण कमी होतो. कुठे कमी होतो?

तो मासा कुठला असतो तेही बघा. पहाटे डॉकवर ट्रॉलर रिकामे होतात तेव्हा चांगला माल वेगळा काढून झाला की खाली जे उरतं तो कुटा. मी भावाबरोबर गेले होते तेव्हा एक टोपली खाली बसून नीट बघितली. बोटाएवढी वाकटी, ढोम्याची पिल्लं, मोडलेली मांदेली, खेकड्याचे पाय, आणि त्यात मधेमधे रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, चपटं, चांदीसारखं चमकणारं काहीतरी. पापलेट. अजून काही महिने पाण्यात राहिलं असतं तर कोणाच्या तरी घरचा सण झाला असता त्याचा. वजनकाट्यावर ती टोपली किलोला काही रुपयांनी गेली आणि तिथून पावडरच्या कारखान्याकडे.

२०२३ मध्ये आपल्या सरकारने चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. चांगला निर्णय आहे, माझ्या माहेरच्या लोकांनाही त्याचा त्रास होतो तरी म्हणते चांगला आहे. पण बाजारात टोपलीतला मासा पट्टी लावून मोजता येतो, एकदा त्याची पावडर झाली की कोण काय मोजणार? कायद्याने जो मासा विकायला बंदी आहे तोच पीठ होऊन गोणीतून आपल्या तळ्यावर येऊ शकतो आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. आणि तुम्ही तर तो किमान एवढा असलाच पाहिजे असं बंधन घालताय. इथे दिवाळ्याची, सारसोळ्याची, करावेची माणसं खाडीत काही लागत नाही म्हणून रडतात, खाडी कोणी खराब केली तो वेगळा विषय, त्यावर लिहायला बसले तर हे पत्र संपायचं नाही. पण निदान आपल्या संस्थेच्या अटीने तरी त्यात भर घालू नये.

पुढचा मुद्दा मालाच्या दर्जाचा, आणि याबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे. तुम्हाला वाटतं फिशमील लिहिलं म्हणजे दर्जा आला. आपल्यातले काही सभासद छोट्या तळ्यासाठी घरीच खाद्य बनवतात, त्यांच्याकडे आलेली फिश पावडर मी बघितली, विकणाऱ्याचं नाव इथे घेत नाही. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, दोन चमचे पावडर टाकली, ढवळून ठेवून दिली. वर तेलकट तवंग आला, मधे खवले आणि काट्यांचे पांढरे तुकडे तरंगत राहिले, आणि तळाशी करड्या रंगाचा जाड थर बसला. वरचं ओतून दिलं आणि तो थर बोटांत चोळला तर नखाखाली करकरला. वाळू होती. किनाऱ्यावर उघड्यावर सुकवलेल्या मासळीची पावडर केली की वाळू येणारच, मिठाचंही तसंच, आणि आपण ती किलोवर विकत घेतो.

वाळू निदान ग्लासात दिसते तरी, युरिया दिसत नाही. लॅबमध्ये प्रोटीन मोजतात म्हणजे खरं तर नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियामध्ये नायट्रोजन ४६ टक्के. म्हणजे एक किलो युरिया मिसळला की रिपोर्टात पावणेतीन किलोच्या वर प्रोटीन वाढलेलं दिसतं, आणि माशाच्या अंगाला त्यातलं काही लागत नाही, उलट पाण्यात अमोनिया. त्यामुळे नुसतं प्रोटीन ६० टक्के असा कागद आणून दाखवला तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. तुमच्या अटींमध्ये युरियाची चाचणी नाही, वाळूची नाही, लायसिन-मेथिओनिनचं नाव नाही, पाण्यात दाणा किती वेळ टिकला पाहिजे ते नाही. आहे काय, तर फिशमील २० टक्के. तयार दाण्यात ते खरंच २० टक्के आहे का हे तपासणार कसं, तेही कुठे लिहिलेलं नाही.

भावाचं म्हणाल तर तो आपल्या हातातच नाही. २०२३ मध्ये पेरूने अँकोव्ही माशाचा पहिला हंगाम रद्द केला, एल निनोमुळे समुद्र तापलेला आणि जाळ्यात नुसती पिल्लं येत होती म्हणून, आणि जगभर फिशमीलचे भाव चढले. पेरूच्या समुद्रात काय झालं त्यावर शहापूरच्या तळ्याचा नफातोटा ठरणार, आणि इकडे लातूर, वाशीमचा शेतकरी सोयाबीन घेऊन बाजार समितीत बसलाय. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता आणि त्याच्या खाली विकायची वेळ त्याच्यावर येते. सोयाबीनमधून तेल निघतं ते पाचव्या हिश्श्याच्याही आत, बाकी मुख्यतः पेंडच. ती पेंड खाणारं गिऱ्हाईक वाढलं तर त्याच्या मालाला उठाव येईल की नाही? एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले होते. शेतकरी झालो ना आपण, मग दुसऱ्या शेतकऱ्याच्या मालाला दार बंद का?

आता दुसरी बाजू मीच सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते.

कडधान्य कच्चं दळून माशाला घातलं तर मासा वाढणार नाही, हे शंभर टक्के खरं आहे. सोयाबीन असो, चवळी असो, कुळीथ असो, वाल असो, बी स्वतःला वाचवण्यासाठी आत काहीतरी ठेवूनच असतं. ट्रिप्सिन रोखणारे घटक असतात, त्यामुळे खाल्लेलं प्रोटीन पचत नाही. फायटिक ॲसिड असतं, ते फॉस्फरस आणि झिंक धरून ठेवतं. काहींत टॅनिन असतं. अबईसारख्या रानटी शेंगांच्या बिया किंवा खाजकुहिलीचं बी तर नीट प्रक्रिया केल्याशिवाय हात लावायच्या लायकीचं नाही. पण यावर उपाय काय ते आपल्या घरातच आहे. वालाची बिरडी करताना आपण काय करतो, रात्रभर भिजवतो, पाणी फेकतो, फडक्यात बांधून मोड आणतो, साल काढतो, मग शिजवतो, कच्चे वाल कोणी ताटात वाढत नाही. खाद्याच्या कारखान्यात तेच काम वाफ आणि दाब करतो. डीओसी मुळात भाजलेली असते, आणि तरंगता दाणा बनवणाऱ्या एक्सट्रूडरमध्ये शंभर डिग्रीच्या वर तापमान जातं, त्यात ट्रिप्सिन रोखणारा बराचसा भाग निकामी होतो. फायटिक ॲसिड मात्र उष्णतेने जात नाही, त्यासाठी फायटेज एन्झाइम लागतं, आणि ते उष्णतेने मरतं म्हणून दाणा थंड झाल्यावर वरून फवारावं लागतं. किंवा पेंड आंबवून वापरायची. हे केलं नाही तर न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून पाण्यात जातो आणि तळं हिरवंगार होतं, मग पहाटे मासे वर तोंड काढून हवा घ्यायला लागले की आपण देवाला नवस बोलतो.

सोयात लायसिन चांगलं आहे, मेथिओनिन कमी पडतं, ते वेगळं घालावं लागतं, बाजारात पावडर मिळते, पोल्ट्रीवाले वर्षानुवर्षं वापरतात. फिशमील काढलं की त्यातल्या काट्यांतून मिळणारा फॉस्फरसही जातो, तो मोनोकॅल्शियम फॉस्फेटने भरून काढायचा. आणि फिशमीलच्या वासावर मासा दाण्याकडे धावतो हेही खरं, अचानक बदल केला तर चार दिवस तोंड फिरवतो, म्हणून हळूहळू कमी करायचं आणि शेवटी थोडंसं वासापुरतं ठेवायचं. बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या, खाद्यातून फिशमील पूर्ण काढा असं मी कुठेच म्हणत नाही. लहान जिवाला जास्त प्रोटीन लागतं, पोट लहान असतं, पचनशक्ती कमी असते, तिथे असू दे. आपल्यात जे देशी मागूर करतात त्यांचंही वेगळं आहे, मागूर पंगासपेक्षा जास्त मांसाहारी, तिथे थोडं थोडं बदलून बघावं लागेल. (आणि थाई मागूर कोणी मनात आणत असेल तर त्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे, कोंबडीच्या आतड्यांवर तो फुकटात वाढतो हे ऐकवू नका मला.)

सगळी पेंड सारखी नसते, हेही अटीत आलं पाहिजे. शेंगदाणा पेंडीत प्रोटीन भरपूर, पण लायसिन आणि मेथिओनिन दोन्ही कमी, आणि आपल्या पावसाळ्यात गोडाऊनमध्ये जरा ओल लागली की बुरशी, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष, आणि ते थेट माशाच्या लिव्हरवर. ग्वार कोरमा, म्हणजे गवारीच्या बियांमधून डिंक काढून उरलेला भाग, चालतो, पण नीट भाजलेला पाहिजे. वाशीच्या दाणा मार्केटमधून तूर चुणी, हरभरा चुणी, म्हणजे डाळ करताना उरलेला चुरा, स्वस्तात मिळते म्हणून काहीजण तीच आणून घालायचं म्हणतात, त्यांना माझं सांगणं आहे की चुणीत साल जास्त, तंतू जास्त, ते गाईम्हशीच्या पोटाला ठीक, पंगासच्या नाही. तोंडी लावण्यापुरती घ्या, प्रोटीनचा आधार म्हणून नको. आणि वाल, चवळी म्हणाल तर प्रोटीन जेमतेम पाव हिस्सा, त्यात पनवेल-अलिबागकडच्या वालाचा भाव बघता ते पंगासला घालण्यापेक्षा आपणच पोपटी लावून खाल्लेले बरे.

अजून एक ऐकू येतं की सोयावरचा मासा पिवळा पडतो आणि चिखलाचा वास मारतो, गिऱ्हाईक घेत नाही. पिवळेपणा येतो मक्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याने, मक्याचं ग्लूटेन जास्त झालं की, सोयाने नाही. आणि चिखलाचा वास तळ्यात निळंहिरवं शेवाळ माजल्यामुळे येतो, फिशमील घाला नाहीतर काजू घाला, पाणी घाण असेल तर वास येणारच. काढणीआधी काही दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवा, जातो. हां, एक गोष्ट मान्य करायला हवी, फिशमील आणि फिश ऑइल कमी केलं की माशातलं ओमेगा थ्री कमी होतं. पण पंगास कोणी ओमेगा थ्रीसाठी घेत नाही, काटा नाही, स्वस्त आहे, मुलं खातात म्हणून घेतात. ज्याला ओमेगा पाहिजे त्याने दिवाळ्याच्या बाजारात येऊन बांगडा घ्यावा, माझी वहिनी बसते तिथे.

गेल्या हंगामात आम्ही एका तळ्यात सोया पेंडीचं प्रमाण जास्त असलेलं खाद्य चालवलं, शेजारच्या तळ्यात नेहमीचं. काढणीला वजनात डोळ्यात भरेल असा फरक नव्हता, खाद्याच्या बिलात होता. मला माहितीये एका तळ्यावरून काही सिद्ध होत नाही, थंडी कमी पडली असेल, मत्स्यबीज चांगलं असेल, कशाने पण झालं असेल. म्हणूनच माझं म्हणणं असं नाही की ताईचं ऐका. माझं म्हणणं आहे की मोजून बघा.

आणि शेवटची तक्रार, जरा नाजूक आहे. तुमच्या चौथ्या अटीतले शब्द आणि एका पुरवठादाराच्या माहितीपत्रकातले शब्द जवळजवळ सारखे आहेत. मी कोणावर आरोप करत नाही, घाईत कोणी तिथून उचलले असतील. पण सभासदांच्या पैशाची खरेदी आहे, तर अट कोणी सुचवली, कुठल्या तज्ज्ञाला विचारलं, बैठकीच्या इतिवृत्तात त्यावर काय चर्चा झाली, हे विचारायचा हक्क मला आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, देशभरातली पोरं तिथे मत्स्यविज्ञान शिकायला येतात, माशांच्या आहारावरच काम करणारे शास्त्रज्ञ तिथे बसतात, आणि ऐरोलीहून तिथे जायला एक सकाळ पुरते. आपण कधी गेलो?

तर माझ्या मागण्या अशा.

एक. चौथी अट काढून टाका. त्याजागी खाद्यात पचणारं प्रोटीन किती, लायसिन आणि मेथिओनिन किती, उपलब्ध फॉस्फरस किती, वाळू जास्तीत जास्त किती, युरिया शून्य, अफ्लाटॉक्सिनची मर्यादा, आणि दाणा पाण्यात किती वेळ न विरघळता टिकतो, हे लिहा. हे जो पुरवेल त्याचं कोटेशन उघडा, मग त्यात मासळी असो की सोया.

दोन. बोटुकली आणि मागूरच्या खाद्याच्या अटी वेगळ्या ठेवा. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

तीन. ज्या खाद्यात फिशमील असेल त्या पुरवठादाराने ते कुठून घेतलं आणि कुठल्या माशाचं आहे हे लेखी द्यावं. कोवळ्या मासळीची पावडर आपली संस्था घेणार नाही असा ठराव करा.

चार. प्रत्येक लॉटचा लॅब रिपोर्ट मराठीत, सगळ्या सभासदांना दिसेल असा लावा. तपासणी संस्थेने स्वतः करून घ्यावी, कंपनीने दिलेला कागद चालणार नाही. खर्च येईल तो सगळ्यांत वाटा, माझा हिस्सा मी आधी देते.

पाच. ग्रुप सभासदांसाठी उघडा. प्रश्न विचारला की तोंड बंद करायचं हे सहकारात बसत नाही.

सहा. एक हंगाम चाचणी घ्या. किमान सहा तळी, तीन नेहमीच्या खाद्यावर, तीन कडधान्य पेंडीच्या खाद्यावर, एकाच ठिकाणचं बीज, सारखी संख्या, दर पंधरवड्याला दोन्हीकडचे सभासद समोर असताना वजन, आणि पाण्याच्या अमोनियाची नोंद. आमचं एक तळं मी देते, तोटा झाला तर तो आमचा, संस्थेकडे एक रुपया मागणार नाही. कुठल्या तळ्याला कुठलं खाद्य हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे नंतर कोणाला बोलायला जागा राहणार नाही. वजनकाटा संस्थेचाच वापरा, फक्त त्याआधी तो एकदा तपासून घ्या, गेल्या वेळी त्याच्यावर दोनदा ठेवलेली एकच जाळी दोन वजनं दाखवत होती.

कोटेशन उघडायची तारीख महिनाअखेरची आहे. ती निदान पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत पुढे ढकला, आणि ढकलणार की नाही तेवढं आधी कळवा, कारण नव्या अटींप्रमाणे भाव काढायला खाद्यवाल्यांनाही वेळ लागतो आणि पावसाच्या आधी आपल्या गोण्या तळ्यावर यायला हव्यात.

आपली,
संस्थेची एक सभासद, ऐरोली